जुनी प्रत

१

रेंगानिस आठ महिन्यांची होती आणि साडेसात किलोची.

ईदच्या तिसऱ्या दिवशी, पांगालेंगानच्या चहामळ्यांत, तिला तापात झटके यायला लागले. दवाखान्यात एकटी सुईण होती, ओचोह नावाची, सव्वीस वर्षांची. तिनं फोनवरचं ॲप उघडलं आणि पोरीचं वजन टाकलं. औषधाचा जो आकडा समोर आला, तो पाहून ती थबकली. तिनं कंपनीचा मदतीचा नंबर लावला. पलीकडून आधी गाणं वाजलं, मग कुणीतरी लाडिक आवाजात म्हणालं, सणाच्या शुभेच्छा, कळत नकळत झालेल्या चुका पोटात घाला, आम्ही पुढच्या बुधवारी आपल्या सेवेत आहोत. तोवर पोर निळी पडायला लागली होती. ओचोहनं ॲपचं ऐकलं. पाचव्या मिनिटाला रेंगानिसचा श्वास थांबला.

ॲपनं तिला पंचाहत्तर किलोची बाई समजून औषध मोजलं होतं. आमच्याकडे साडेसात लिहिताना सात आणि पाचच्या मध्ये टिंब नाही, स्वल्पविराम देतात. ॲपला तो स्वल्पविराम दिसलाच नाही. एवढीशी चूक, आणि ती वर्षभर कुणाच्या लक्षात आली नाही, कारण आम्ही ॲपवाले सगळे शहाणे, आपापले फोन इंग्रजीत ठेवतो. तिथं टिंबच असतं. मीही त्यातलीच.

मी नीनिंग. बांडुंगमध्ये लोक मला तेह नीनिंग म्हणतात, म्हणजे ताई. त्याच कंपनीत मी अकरा वर्षं ॲप बांधली, तीन वर्षांपूर्वी सोडली, आता लोकांच्या ॲपमधल्या चुका शोधून पोट भरते. माझ्या अकरा वर्षांत लेबारानची, म्हणजे ईदची, सुट्टी एकदाही लांबली नाही, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी काम बंद. या गोष्टीचा मला फार अभिमान होता.

बुधवारी ऑफिस उघडलं आणि मालकानं, पाक हेंदारनं, मला बोलावून घेतलं.

"तेह, तुम्ही घरच्याच. चूक तार्लानची आहे, तो कोठडीत आहे, ते सोडा. पण त्यानं त्याहून वाईट केलंय. पोर मेल्याच्या दुसऱ्या दिवशी गुपचूप चूक दुरुस्त करून ठेवली. पुरावा मिटवायला. मला एवढंच कागदावर लिहून हवंय, तुमच्या सहीनं. शुक्रवारी."

"आणि तसं नसेल तर?"

हेंदारनं बशीतला दोदोल मिठाईचा तुकडा तोंडात टाकला. "मला एक नाव हवंय, तेह. एकच. दोन नावं झाली की कंपनी मरते. चाळीस घरं आहेत तिच्यावर."

तार्लानला मी ओळखत होते. चूक तो करील. पण लपवील?

२

पुढचं कळायला एवढं समजून घ्या. औषध मोजायचा कोड तार्लाननं एकदाच लिहिला होता. तो दळून, गच्च बांधून त्याची एक फाइल करायची, तिला लायब्ररी म्हणतात. मग ज्याला ॲप बनवायचंय त्यानं ती फाइल आपल्या ॲपमध्ये घालायची. तिखटाचा गोळा वाटून दोन खाणावळींना द्यावा तसं. एकदा रश्शात पडला की पडला. नंतर तुम्ही बरणीतलं तिखट कितीही सुधारा, पातेल्यातला रस्सा तसाच राहतो. तो बदलायचा तर नवं तिखट घालून नवा रस्सा करावा लागतो.

खाणावळी दोन होत्या. सुईणींचं ॲप मायांग बांधायची, औषधदुकानांचं गुमिलार. आणि बरणी म्हणजे ऑफिसचं सामाईक कोठार. त्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते, कुणी केला, कोणत्या दिवशी. कोठारात दुरुस्तीची एकच नोंद होती. नाव तार्लानचं, दिवस ईदचा चौथा. दुरुस्त लायब्ररीही त्याच दिवशी बांधलेली.

पण आमच्या धंद्यातलं एक गुपित सांगते. किल्ली असली की कोठाराच्या वहीचं पान फाडता येतं, त्या जागी नवं चिकटवता येतं आणि त्यावर दुसऱ्याचं नावही घालता येतं. किल्ल्या चौघांकडे होत्या. तार्लान, मायांग, गुमिलार आणि स्वतः हेंदार.

आधी गुमिलारकडे गेले. तो तार्लानचा उघड वैरी. दोन वर्षांपूर्वी बढती तार्लानला मिळाली, याला नाही. त्याच्या टेबलावर पुदिन्याची कुंडी होती. हेंदारनं हौसेनं सगळ्यांना एकेक दिली होती. तेरा दिवस बंद ऑफिसात तिचा पार पाचोळा झाला होता.

"तार्लानच्या पोलिसांकडच्या जबाबात आहे, त्यानं सुट्टीच्या आधीच दुरुस्त लायब्ररी दिली," मी म्हटलं.

"तार्लान बरंच काही म्हणतो, तेह. रोजा सोडायला सगळे जेवायला बसलो होतो, तेव्हा नवी टाकलीय, घ्या, असं काहीतरी बडबडला खरा. मी खजूर खात होतो."

"तू घेतलीस?"

"कोठारात जी होती ती घेतली. त्यात काय होतं ते मी कशाला बघू? चाचणीसाठी कॉम्प्युटरच्या पडद्यावर नकली फोन असतो, त्यावर ती चालेना, लाल अक्षरं ओकायला लागली. मी सरळ खऱ्या फोनवर टाकली, तिथं चालली, दिली सोडून. दहा मिनिटं." तो हसला. "माझा काटा आपोआप निघालाय, तेह. मी कशाला हात घाण करू?"

मग मायांग. तिच्याबद्दल काय सांगू? चौदा वर्षांपूर्वी ती तासिकमालायाहून आली तेव्हा तिला माऊस धरता येत नव्हता. नेंग, म्हणजे पोरी, म्हणत तिला मी घडवलं. माझं पोटचं कुणी नाही. मी कंपनी सोडली तेव्हा माझं मशीन, माझा कॉम्प्युटर, तिलाच देऊन गेले.

"अगंबाई, तेह!" ती उठली, माझा हात कपाळाला लावला. "माझ्या मांजराकडे बघताय ना?"

मशीनच्या कोपऱ्यात मी कधीकाळी चिकटवलेलं मांजराचं चित्र अजून होतं. एक पाय घासून गेलेला.

"पुसू दिलं नाही मी कुणाला. नवं करायचं तर सगळं बसवण्यात आठवडा मोडतो. जसं दिलंत तसंच ठेवलंय."

"कधी आलीस गावाहून?"

"काल संध्याकाळी. बसमध्ये उभी, बघा ना, पाय सुजलेत. खा हे, आईनं दिलेत." तिनं कुरुपुकची, तळलेल्या पापडांची, पिशवी पुढे केली.

"तार्लान म्हणतो, जेवताना त्यानं सांगितलं होतं."

मायांगचे डोळे भरून आले. "सांगितलं होतं. पण दुरुस्त केलंय असं नाही म्हणाला, तेह. म्हणाला, लेबारान झाल्यावर करतो. मी काय करणार? लहान पडते त्याच्यापुढं."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तिच्या कुंडीतला पुदिना हिरवागार होता, नुकताच शिंपल्यासारखा. पोरगी जीव लावते हो वस्तूंना, असं मला वाटलं. दोन पावलं पुढे गेल्यावर कुठंतरी काहीतरी खुपलं, पण मी पुढेच गेले.

३

तार्लानला कोठडीत बसायला प्लास्टिकची खुर्ची दिली होती. बाहेर त्याची बायको भाताचा डबा घेऊन उभी होती, तिला आत सोडत नव्हते. कालच कुणीतरी त्यांच्या दारावर लाल रंगानं 'बाळमार' लिहून गेलं होतं.

"कांग तार्लान," मी म्हटलं, कांग म्हणजे दादा, "दुरुस्ती कधी केलीस?"

"ईदच्या सहा दिवस आधी. मूळ चूक माझीच, तेह, ती मी नाकारत नाही. आईच्या फोनवर सहज वजन घालून बघितलं. तिचा फोन आपल्या भाषेत आहे. आकडा दहापट आला. त्याच दिवशी दुरुस्त केलं, नवी लायब्ररी बांधली, कोठारात टाकली. जेवताना दोघांना सांगितलं, आजच्या आज घ्या म्हणून."

"नकली फोनवर ती चालत नव्हती."

त्यानं मान खाली घातली. "घाईत फक्त खऱ्या फोनसाठीचा भाग बांधला. पडद्यावरच्या नकली फोनचा भाग राहिला. मग मोटरसायकलवरून गावाला निघालो. तिकडं डोंगरात फोनला रेंज नाही."

"तुझ्या मशीनवर सगळं असेल ना?"

"मशीन पोलिसांच्या कपाटात आहे, लाख लावून. उघडणारा माणूस जाकार्ताहून यायचाय. कधी, ते कुणी सांगत नाही. सोमवारी मला न्यायाधीशापुढं उभं करणार. हेंदारचा कागद आला की सहा वर्षं, असं वकील म्हणाला. तेह, चुकीबद्दल मला काय हवं ते करा. पण मी ती लपवली असं माझ्या पोरांना कुणी सांगू नये."

ते शब्द माझ्या कानात राहिले. बाहेर आल्यावर त्याच्या बायकोनं विचारलं, "सुटेल ना?" मी तिला खोटं बोलले नाही. मला माहीत नाही म्हणाले.

४

गुरुवारी सकाळी मला जाग आली ती एका साध्या विचारानं, आणि मी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

सगळे बरणीत बघत बसले होते. बरणी कुणीही फिरवू शकतो. रस्सा कोण फिरवणार? एकदा ॲप लोकांच्या फोनवर गेलं की त्याच्या पोटातली प्रत तिथंच बसते. त्या दिवशी जी लायब्ररी होती, तीच. हेंदारचं कोठार पेटवून दिलं तरी ती बदलत नाही.

दागोच्या चढावर एक औषधदुकान आहे. मालकीण इबू सुमिराह, वय सत्तर, फोन अर्थातच आपल्या भाषेत.

"इबू, तुमच्या ॲपमध्ये जरा वजन टाका. सात, स्वल्पविराम, पाच."

"कुणाचं?"

"कुणाचं नाही. टाका."

तिनं जाड बोटानं टाकलं. मी तिच्या खांद्यावरून बघत होते. आकडा आला. लहान, बरोबर, साडेसात किलोच्या पोराचा.

"हे ॲप शेवटचं कधी नवं केलंत?"

"मी कुठं करते? आपोआप होतं ते. हे बघ, लिहिलंय. ईदच्या पाच दिवस आधी."

मी तिथंच औषधांच्या खोक्यावर बसले. गुमिलारचं ॲप ईदच्या पाच दिवस आधी बाहेर पडलं होतं आणि त्याच्या पोटात दुरुस्ती होती. तेव्हा रेंगानिस खेळत होती. तार्लान खरं बोलत होता. म्हणजे कोठारातलं पान कुणीतरी नंतर फाडलं होतं.

आणि ज्यानं फाडलं, तो मला भेटला होता.

५

दुपारी मी तिन्ही प्रती पुढ्यात घेऊन बसले. दुकानांच्या ॲपमधली, मेलेल्या पोरीच्या सुईणीच्या ॲपमधली आणि कोठारातली.

लायब्ररीत कोड दळलेला असतो, तो वाचता येत नाही. पण दळताना त्यात एक कचरा राहून जातो. ज्या मशीनवर ती बांधली, त्या मशीनवरच्या फोल्डरचा पत्ता. चूक झाली तर कुठल्या फाइलमध्ये झाली हे सांगता यावं म्हणून. आणि त्या पत्त्यात मशीनच्या वापरणाऱ्याचं नाव असतं. ॲप बांधणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना हे माहीत नसतं, कारण त्यांनी कधी पोट फाडून बघितलेलंच नसतं.

दुकानांच्या ॲपमधली प्रत, दुरुस्त. पत्त्यात नाव तार्लानचं. सुईणींच्या ॲपमधली प्रत, जुनी, चुकीची. पत्त्यात नाव तार्लानचं. म्हणजे मायांगच्या ॲपमध्ये नवी गेलीच नव्हती, वर्षभरापूर्वीचीच राहिली होती.

आता कोठारातली. जी म्हणे तार्लाननं ईदच्या चौथ्या दिवशी स्वतः बांधली. मला गुमिलारचं नाव हवं होतं, किंवा हेंदारचं. कुणाचंही चाललं असतं.

पडद्यावर पत्ता उमटला. नाव होतं, नीनिंग.

माझं.

६

शुक्रवारी दहाला ऑफिसात हलाल-बिहलाल होतं. ईदनंतर सगळ्यांनी रांगेनं एकमेकांचे हात हातात घ्यायचे आणि वर्षभराच्या चुकांची माफी मागायची. बाहेरून आणि आतून माफ करा, असं म्हणायचं. माफ केलं, असं उत्तर द्यायचं. मग लोंतोंग, म्हणजे भाताच्या वड्या, आणि ओपोर, नारळाच्या दुधातला कोंबडीचा रस्सा, खायचं. यंदाही हेंदारनं तंबू ठोकला होता. एका पोराचा जीव जाऊन दहा दिवसही झाले नव्हते, पण रस्सा मात्र झकास झाला होता.

रांग पुढे सरकत होती. गुमिलार आला, कसंबसं पुटपुटला. मग मायांग आली, पिस्त्याच्या रंगाच्या नव्या केबायात, सणाच्या झग्यात. तिनं माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"बाहेरून आणि आतून माफ करा, तेह."

मी हात सोडला नाही. "कशाबद्दल, नेंग?"

ती हसली. "कळत नकळत झालेल्या चुकांबद्दल."

"कळत झालेली आधी सांग."

रांग थांबली. हेंदार वाटी हातात धरून बघायला लागला. मी आवाज खाली आणला नाही, मला आणायचाच नव्हता.

"तू मंगळवारी संध्याकाळी आलीस, म्हणालीस. ऑफिस तेरा दिवस बंद होतं. सगळ्यांचा पुदिना जळाला, तुझा तेवढा हिरवा. मधे येऊन कुणी पाणी घातलं? मी आज दारावरच्या रखवालदाराला, मांग कासिमला, विचारलं. तो म्हणाला, ईदच्या चौथ्या दिवशी नेंग मायांग आली होती, झाडाला पाणी घालायला म्हणाली. तासिकमालायाहून चार तास बस करून, पुदिन्याला?"

"जीव असतो त्यालाही," ती म्हणाली. आवाज अजून गोड होता.

"कोठारातली लायब्ररी कांग तार्लाननं बांधली असं नोंद म्हणते. तो तेव्हा गावी, गारुतच्या डोंगरात होता. तिच्या पोटात माझं नाव आहे. मी तीन वर्षांत इथल्या खुर्चीवर बसलेली नाही, माझी किल्लीही कंपनी सोडली त्याच दिवशी काढून घेतली. माझ्या नावानं चालू होणारं मशीन या इमारतीत एकच आहे. त्याच्यावर तीन पायांचं मांजर आहे."

एका कोपऱ्यात कुणाच्या तरी हातातून चमचा पडला.

"तार्लाननं दिलेली नवी लायब्ररी तू घेतलीस," मी म्हटलं. "नकली फोनवर ती चालली नाही. गुमिलारनं ती खऱ्या फोनवर ढकलली. तू आधी पडद्यावर चालवून बघणारी. चालेना, तार्लान निघून गेलेला, चिचाहेउम स्टँडवरची बस चारची. तू जुनी प्रत परत घातलीस, कामांच्या यादीत 'झालं' लिहिलंस आणि बस पकडलीस. पोर मेल्याचं कळलं तेव्हा इथं आलीस, वहीचं पान फाडलंस, तार्लानच्याच कोडमधून लायब्ररी पुन्हा बांधलीस आणि त्याचं नाव घातलंस. त्यानं वेळेत दिली होती हे पुसायला. बरोबर?"

मायांगनं हळूच आपला हात सोडवून घेतला. रडली नाही. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझं बोलणं तिला आवडलंय.

"पोट फाडून बघायचं मला नाही शिकवलंत तुम्ही," ती म्हणाली. "तेवढंच राहिलं."

हेंदारनं वाटी खाली ठेवली, रुमालानं बोटं पुसली आणि माझ्या कानाशी आला.

"एकच नाव ना, तेह? चालेल. नाव बदलू." तो फोन घेऊन तंबूबाहेर गेला. तार्लानच्या नावाचं निवेदन आधीच टाइप करून तयार होतं. त्यात त्यानं एक शब्द बदलला.

७

पोलिस येईपर्यंत तिला आतल्या खोलीत बसवलं होतं. मी गेले. जायला नको होतं. पण मला तिला एकदा रडताना बघायचं होतं, हे मी लपवत नाही. रेंगानिससाठी, तार्लानच्या बायकोसाठी, आणि माझं नाव त्या घाणीत सापडलं म्हणूनही.

ती कुरुपुक खात बसली होती. पिशवी माझ्याकडे केली. मी घेतलं नाही.

"एका पोराचा जीव गेला, मायांग. आणि तू दुसऱ्याचा गळा कापायला निघालीस. लाज नाही वाटली?"

"वाटली ना. बसमध्ये सगळा वेळ वाटत होती. म्हणून तर लवकर आले." तिनं बोटं झटकली. "तेह, तुम्हाला बसच्या जागांचं ॲप आठवतं?"

तिनं पिशवी बाजूला ठेवली.

"नऊ वर्षं झाली. लेबारानच्या दोन दिवस आधी. नवी लायब्ररी नकली फोनवर चालेना. मी रडत होते, म्हटलं, आता काय करू. तुम्ही हसलात. म्हणालात, येडे, जुनी प्रत परत घाल, यादीत 'झालं' लिही आणि बस पकड. लेबारानला कोण बघतंय? आल्यावर करू. वर रोजा सोडायला मला चिंचेचं सरबत पाजलंत."

मला ते सरबतसुद्धा आठवलं. चिचाहेउमच्या स्टँडवरचं.

"पुढच्या वर्षीही तेच केलंत. त्याच्या पुढच्याही. सुट्टी कधी लांबली नाही आपली." ती मान वाकडी करून माझ्याकडे बघत होती, शिकताना बघायची तशीच. "तुमच्या जुन्या प्रतीनं फार तर कुणाची बसची जागा चुकली. माझ्या जुन्या प्रतीनं पोर मेलं. बस, तेवढाच फरक."

"वहीचं पान मी कधी फाडलं नाही."

"तुम्हाला फाडायची वेळच आली नाही."

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला.

"मी सांगू पोलिसांना?" तिनं विचारलं. धमकी नव्हती त्यात, खरंच विचारत होती. "कागद तुमच्या सहीचा आहे ना? तुम्हीच लिहा, तेह. मी घाबरले होते, मला असंच शिकवलं होतं, कुणीतरी एवढं लिहिलं तर न्यायाधीश थोडं ऐकेल म्हणे. कधी, कुणी शिकवलं, सगळं. लिहाल?"

मी म्हटलं, "बघते."

दारात पोलिस आले. ती उठली, केबाया नीट केला आणि जाताना म्हणाली, "पुदिन्याला पाणी घाला कुणीतरी."

८

संध्याकाळी मी हेंदारच्या केबिनमध्ये बसून कागद लिहिला. पाच पानं झाली. तीन प्रती, तीन पत्ते, पुदिना, मांग कासिम, सगळं. माझ्या नावाबद्दल एक ओळ टाकली, सदर मशीन पूर्वी प्रस्तुत तपासनिसाकडे होतं. सहावं पान मी सुरू केलं. 'आरोपीची कामाची पद्धत' असं वर लिहिलं. मग बराच वेळ त्याकडे बघत बसले.

हेंदार येऊन मागे उभा राहिला. "हे कशाला आणखी?" त्यानं विचारलं.

मी ते पान काढून चुरगाळलं. त्यानं माझ्यावर जबरदस्ती केली नाही. त्यानं फक्त कचऱ्याची टोपली पुढे केली.

शनिवारी सकाळी तार्लान सुटला. त्याची बायको फाटकाशी उभी होती, या खेपेला डब्याशिवाय. तो तिच्याकडे आधी गेला नाही. माझ्याकडे आला, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि छातीला लावला.

"बाहेरून आणि आतून माफ करा, तेह. तुमच्यावरही संशय घेतला होता मी, आत बसून. तुमचं नाव निघालं ऐकून."

मायांगला सात वर्षांची शिक्षा झाली. न्यायाधीशानं निकालात लिहिलं की आरोपीनं हे कुणाकडून शिकल्याचा, किंवा अशी पद्धत होती असा कुठलाही पुरावा तपासात आढळला नाही. तपास माझा होता.

पण ते नंतर. त्या सकाळी तार्लान माझा हात धरून उत्तराची वाट बघत उभा होता, आणि लोक बघत होते.

"माफ केलं," मी म्हणाले.